गव्हाला मज्जाव

परदेशी जाणारी माणसे राजवाडे पाहतात, चित्रसंग्रह पाहतात आणि परत आल्यावर त्यांची वर्णने करून आपल्याला जेरीस आणतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी हॉलंडमधील उट्रेख्तला धाकट्या बहिणीकडे जाऊन आलो. पण माझ्या मनात घर करून राहिली ती तिथली एक इवलीशी बेकरी. तीत गव्हाला सक्त मज्जाव होता! बेकरीत गहू नाही, म्हणजे पंढरपुरात विठोबा नाही, असेच मला वाटले.

माझ्या आठ वर्षांच्या भाचीला सीलिॲक नावाचा आजार आहे. गहू, जव अशा धान्यांतले ग्लूटेन हे चिकट प्रथिन पोटात गेले, की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जाते. यावर पथ्य हेच औषध, तेही जन्मभराचे. गव्हाचा हा गुन्हा उघडकीस आणला तो हॉलंडच्याच विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. संशय त्याला आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि नेमकी ही आजारी मुले सुधारली. १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने आपले म्हणणे मांडले.

आमच्या जालन्यात मात्र डिकेसाहेबांना कोण विचारतो? मागे एका लग्नात भाची पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसली, तर आग्रह सुरू झाला, "अगं, एका पुरीनं काय होतंय?" पोरगी मान खाली घालून जेवली.

बेकरीतही तिने सवयीने आईकडे पाहिले, "यातलं काय चालेल?" बहीण म्हणाली, "सगळं." पोरगी गोंधळलीच. मग तिने प्रत्येक परडी दोनदा पाहिली. निवडायला इतका वेळ तिने कधी लावला नव्हता. निवडण्यासारखे पुढ्यात कधी आलेच नव्हते!

तिथल्या एका पावात चक्क ज्वारी होती. ग्लूटेन नसले की पिठाला ताण येत नाही. त्यासाठी बेकरीवाली इसबगोल घालते. आमची आई आधणाचे पाणी घालते. शास्त्र एकच! १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर यायची. तिचे नाव काढले तरी आई अजून तोंड वाकडे करते. पाहुण्याला पोळी आणि घरच्यांना भाकरी, हा आमचा रिवाज. त्या ज्वारीला काचेच्या कपाटात मानाने बसलेली पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

पण भाकरी आपली म्हणून बिनधोक, असे नाही. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, की थोडा गहू तीत उतरतोच. चिवड्याच्या फोडणीतला बांधानी हिंगदेखील बहुधा मैद्यात कालवलेला असतो!

या दिवाळीला भाची जालन्याला येत आहे. आईने नवी घरघंटी आणवली आहे. तीत गव्हाचा दाणा पडू द्यायचा नाही, असा हुकूम आहे. शंकरपाळे, करंज्या आणि रव्याचे लाडू यंदा रजेवर. बेसनाचे लाडू, भाजणीची चकली आणि ज्वारीची भाकरी एवढाच बेत. मी म्हटले, "तिच्यापुरतं वेगळं केलं तर?"

आई म्हणाली, "वेगळं कशाला? तिच्या पानात जे, तेच सगळ्यांच्या पानात."