सोडून जायचं झालं तर

आमच्या कंपनीने शेजारची एक छोटी फुलांची कंपनी विकत घेतली, तेव्हा वकिलांनी इमारत, ट्रक, शीतगृहं, येणी-देणी सगळं तपासलं. दोन्हीकडच्या यंत्रांचे पत्ते तेवढे कुणी ताडून पाहिले नाहीत. आमचा लेबल छापणारा प्रिंटर १९२.१६८.१.५० वर, आणि त्यांचा वजनकाटाही १९२.१६८.१.५० वरच. दोन नेटवर्क जोडायची वेळ आली आणि हे काम माझ्या टेबलावर येऊन पडलं.

मी आल्समेअरला नेटवर्क सांभाळतो. हे फुलांच्या लिलावाचं गाव. लिलाव भल्या पहाटे सुरू होतो, आणि शेजारचं ॲमस्टरडॅम कॉफी घेत असतं तोवर आमची बरीचशी फुलं ट्रकमध्ये चढलेली असतात. लेबल छापलं गेलं नाही तर ट्रॉली जागची हलत नाही. फुलं थांबत नाहीत, कोमेजतात. त्यामुळे पत्त्यांचा घोळ हा इथे ‘आयटीवाल्यांचा प्रश्न’ राहत नाही. दहा मिनिटांत विक्री विभागाचा माणूस दारात उभा असतो.

१९२.१६८सारखे खासगी, म्हणजे आतल्या नेटवर्कपुरते, पत्ते कुणालाही न विचारता वापरावेत, हे ठरलं १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात. त्याच्या पाच लेखकांपैकी दोघे इथल्याच, ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या पत्ते वाटणाऱ्या संस्थेतले. दहाने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते त्यात मोकळे ठेवले आहेत. तरी अर्धं जग १९२.१६८.१ मध्येच दाटीवाटीने राहतं, कारण राउटर खोक्यातून निघतो तो बहुधा तोच पत्ता घेऊन, आणि तो बदलायचा कंटाळा सगळ्या देशांत सारखाच.

साहेबांनी सांगितलं, ‘डीएनएस आणि आयपी व्यवस्थापनासाठी बाजारात काय काय आहे ते बघ, आणि एका पानात मांड.’ डच माणसाला एक पान पुरतं. त्यात किंमत कुठे आहे ते तो आधी शोधतो.

तोवर आमची नोंद एक्सेलमध्ये होती, त्यांचीही. दोन्ही फायली पाहून मला सातबारा आठवला: उताऱ्यावर नाव एकाचं, जमीन कसणारा दुसराच. फायलीत ‘राखीव’ लिहिलेल्या पत्त्यांवर कॅमेरे चालत होते, आणि ज्यांच्या नावावर पत्ते होते ते प्रिंटर कधीच भंगारात गेले होते. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमधली नावं तिसरंच काही सांगत होती, आणि यंत्रांना पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर चौथं.

हे सगळं एकाच छताखाली आणू म्हणणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. अमेरिकेची इन्फोब्लॉक्स, कॅनडाची ब्लूकॅट, फ्रान्सची एफिशियंटआयपी. त्यांचा मुद्दा खराच आहे: पत्ता दिला की नाव आपोआप तयार होतं, यंत्र काढलं की नाव पुसलं जातं, कुणी काय बदललं त्याची नोंद राहते. बँकेत किंवा मोठ्या रुग्णालयात मी हेच घेतलं असतं. पण यांच्या संकेतस्थळांवर किंमत छापलेली नसते. आधी फोन, मग सादरीकरण, मग ‘तुमच्या गरजा समजून घेऊ’, आणि त्यानंतर कोटेशन. शेजारची कंपनी धरूनही आमची यंत्रं काही हजारांच्या आतली. आलेला आकडा पाहून साहेबांनी विचारलं, ‘यात ट्रकही येतो का?’

दुसऱ्या टोकाला नेटबॉक्स, फुकट आणि खुलं. डिजिटलओशनमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते स्वतः नावं सांगत नाही, पत्ते वाटत नाही. नेटवर्क कसं असायला हवं एवढंच लिहून ठेवतं. सादरीकरणांत सगळे विक्रेते ‘आम्ही आपोआप शोधून नोंदवतो’ हे अभिमानाने सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. जे सापडलं तेच बरोबर मानलं, तर कुणीतरी परस्पर लावलेला कॅमेराही अधिकृत होऊन बसतो. नोंद आधी, जोडणी नंतर, आणि फरक दिसला की बोंब. हे शिस्तीचं काम आहे, ते कुणाकडून विकत मिळत नाही.

डीएनएस मात्र विकत घ्यावं असं माझं मत पहिल्यापासून होतं. इथे हे म्हणणं थोडं धाडसाचं, कारण हा देश डीएनएसचं माहेरघर आहे. पॉवरडीएनएस हे डीएनएसचं सॉफ्टवेअर द हेगकडचं. एनएसडी आणि अनबाउंड ही तशीच सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्जची. राइप एनसीसीच्या ताब्यातला के-रूट हा डीएनएसच्या मुळाशी असलेला सर्व्हर २००३ पासून एनएसडीवर चालू लागला. एनएल हे देशाचं इंटरनेटवरचं नाव २५ एप्रिल १९८६ ला नोंदलं गेलं आणि कित्येक वर्षं सीडब्ल्यूआय या गणित संस्थेतले पीट बेर्टेमा ते सांभाळत होते. आज आर्नहेमची एसआयडीएन साठ लाखांहून अधिक नावं सांभाळते. ‘आपला सर्व्हर आपण चालवू,’ असं आमचा जुना सहकारी म्हणाला, आणि तो ते उत्तम चालवेलही. पण तो दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, आणि हल्ला व्हायला रविवारची पहाट पुरते.

मग मी सेवादात्यांना एकच प्रश्न पहिल्यांदा विचारू लागलो: उद्या तुम्हाला सोडून जायचं झालं तर? नाव-पत्त्यांची माझी झोन फाइल जशीच्या तशी हातात देणार का? दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला ती ठरलेल्या मानक पद्धतीने पाठवू देणार का? २१ ऑक्टोबर २०१६ ला मिराय नावाच्या किड्याने बळकावलेले कॅमेरे आणि राउटर डायन या एकाच डीएनएस कंपनीवर तुटून पडले, आणि ट्विटर, स्पॉटिफाय, रेडिट कित्येकांसाठी उघडेनात. त्यांचे सर्व्हर धडधाकट होते, त्यांच्यापर्यंतचा पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून दोन वेगळ्या कंपन्या ठेवाव्यात हे सगळेच म्हणतात. ठेवायला गेलं की गोम कळते. ग्राहक कुठून येतो ते पाहून वेगवेगळं उत्तर देणं, यासारख्या आकर्षक सुविधा ज्याच्या त्याच्या घरच्या असतात. त्या झोन फाइलमध्ये मावत नाहीत आणि दुसरीकडे जात नाहीत. उत्तर बनावट नाही याची खात्री देणाऱ्या डीएनएसएसईसीच्या सह्या दोन कंपन्यांनी मिळून कशा करायच्या, याची रीत २०२० च्या आरएफसी ८९०१ मध्ये लिहिली आहे, पण माझा प्रश्न ऐकून एका विक्रेत्याने ‘तांत्रिक टीमला विचारून सांगतो’ म्हणून जो फोन ठेवला, तो ठेवलाच.

सरकारी खात्यांना इथे डीएनएसएसईसीसारखी मानकं पाळावी लागतात, नाहीतर कारण द्यावं लागतं. इंटरनेट डॉट एनएल या चाचणीत कुणाचंही नाव टाकून पाहता येतं. मी विक्रेत्यांचीच नावं टाकली. दुसऱ्यांना सुरक्षित डीएनएस विकणाऱ्या एकाच्या स्वतःच्या नावावर सही नव्हती. तो यादीतून गेला.

या सगळ्यात एक घबाड हाती लागलं. विकत घेतलेल्या कंपनीच्या एक्सेलच्या शेवटच्या पानावर २५६ सार्वजनिक पत्त्यांचा गट होता, नव्वदच्या दशकात मिळालेला. राइप एनसीसीचा अशा (आयपीव्ही४) पत्त्यांचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ ला संपला. आता असा गट हवा तर प्रतीक्षायादीत नाव लावायचं, तेही पूर्वी काही मिळालेलं नसेल तरच. ॲमेझॉन २०२४ च्या फेब्रुवारीपासून एका सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर. साहेबांना हा हिशेब मांडून दाखवल्यावर ‘एका पानात’चा आग्रह संपला. पण राइपच्या नोंदीत मालक होती बंद पडलेली एक जुनी कंपनी. केव्हीके या व्यापार नोंदणी कार्यालयाचे उतारे काढून, कोण कुणात विलीन झालं याची साखळी जोडून नाव बदलून घ्यावं लागलं. एकाही महागड्या सॉफ्टवेअरने हे सांगितलं नसतं.

शेवटी ठरलं ते असं: डीएनएस दोन कंपन्यांकडे, त्यातली एक युरोपातली, पत्त्यांची नोंद नेटबॉक्समध्ये, आमच्याच सर्व्हरवर. जुन्या सहकाऱ्याला हे निम्मं पटलं. २०२४ मध्ये एसआयडीएनने आपली नोंदणी यंत्रणा ॲमेझॉनकडे न्यायचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या संसदेत प्रश्न विचारले गेले होते. जेवणाच्या सुट्टीत तो अजूनही तो विषय काढतो आणि चीज-पावाचा घास हातात तसाच राहतो. मी त्याला नोंदवहीचा प्रमुख केलं. त्याच्या सहीशिवाय आता कॅमेरासुद्धा लागत नाही.

मे महिन्यात मातृदिनाची गर्दी असते, तेव्हा काहीही बदलायला बंदी. नवे पत्ते जूनमध्ये लावायला घेतले. प्रिंटर एका रात्रीत झाले. वजनकाटे राहिलेत: त्यांचा पत्ता बदलायला काटे बनवणाऱ्या कंपनीचाच माणूस यावा लागतो, आणि तो सप्टेंबरपर्यंत मोकळा नाही.