विझलेल्या ताऱ्याचा उजेड

माघातली रात्र. एका शेतकरीबंधूंच्या गव्हाला पाणी चालू होते. मी बांधावर उभा होतो. त्यांचा सहावीतला मुलगा बॅटरी धरून होता, पण नजर आभाळात.

"साहेब, ध्रुवतारा किती लांब?"

"त्याचा उजेड इथवर यायला चारशेहून अधिक वर्षे लागतात. आज दिसतोय तो शिवरायांच्या जन्माआधी, १६३० पूर्वी निघालेला."

"मग तो आता विझला असला तर?"

"चांदण्यांनी पोट भरत नाही. बॅटरी नीट धर!" वडील खेकसले. पोर गप्प झाले.

तेवढ्यात वीज गेली. विहिरीवरची मोटार थांबली, तरी लांबच्या वाफ्यात पाणी येतच राहिले. वडील बघत राहिले.

"साहेब, हे असंच का? मोटार बंद, अन् पाटाला पाणी वाहतंय?"

"अगदी असंच, दादा. तारा इतक्यात विझायचा नाही; पण विझलाच, तर आपल्याला चारशे वर्षांनी कळेल."

इतके सोपे मला पुस्तकांतूनही कळले नव्हते. बंधूंनो, मुलांच्या प्रश्नाला उत्तर नसले तरी चालेल. त्यांना गप्प करू नका. त्या रात्री वीज येईपर्यंत बापलेक बांधावर बसून आभाळ पाहत होते.