विटेच्या बदल्यात मेंढी

पटावरच्या खेळांनी मराठीत किती खोल मुक्काम ठोकला आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. 'मनासारखे दान पडणे', 'फासे उलटे पडणे', 'शह-काटशह', 'नुसते प्यादे असणे' हे प्रयोग कधीही पट न मांडलेल्या माणसाच्या तोंडीही असतात. सारीपाट काय किंवा बुद्धिबळ काय, प्रतिपक्षाची सोंगटी मारायची अथवा अडवायची. त्याच्याशी सौदा करण्याला तिथे जागा नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे मराठीचे अध्यापक जो खेळ मांडतो, त्याची रचना नेमकी इथे वेगळी आहे. 'कॅटन' हा क्लाउस टॉयबर या जर्मन रचनाकाराचा १९९५ सालचा खेळ. १९ षट्कोनी तुकड्यांचे बेट. लाकूड, वीट, लोकर, धान्य आणि खनिज ही पाच साधने. त्यांतून रस्ते, वस्त्या, नगरे उभारायची. १० गुण आधी मिळवील तो विजयी. केवळ आपल्या दानावर सारे काही क्वचितच मिळते, म्हणून ज्याला हरवायचे त्याच्याकडेच हात पसरावा लागतो. हा व्यवहार आमच्याकडे अस्सल मंडईच्या मराठीत चालतो : "दोन मेंढ्या घ्या, पण एक वीट द्या, सर!"

खेळाची न्यायबुद्धीही लक्षणीय आहे. आरंभी ज्याने सर्वांत आधी जागा निवडली, त्याची दुसरी निवड सर्वांत शेवटी. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांत सात येतो, आणि तो पडला की सातांहून अधिक पत्ते बाळगणाऱ्याला निम्मे परत करावे लागतात. साठेबाजी फार काळ पचत नाही.

आमच्यापैकी तिघे कायम सेवेत आहेत. चौथे सर वयाने आमच्याएवढेच, वाचनाने आमच्याहून दांडगे, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. सुट्टीचा महिना कोरडा. जादा पर्यवेक्षण, वार्षिकांकाची मुद्रिते, कुणाच्या रजेतले तास, कशालाच ते नाही म्हणत नाहीत. त्यांना ते परवडत नाही. पटाशी बसल्यावर मात्र त्यांचा नकार ऐकण्यासारखा असतो. मागच्या खेपेला तिघांनाही ताटकळत ठेवून ते शांतपणे म्हणाले, "आज वीट विकायची नाही." आणि डाव त्यांनी जिंकला.

इथेच त्यांना नाही कसे म्हणता येते? सुरुवात सर्वांची सारखी, एवढे उत्तर पुरत नाही. दान तर इथेही कुणाला साथ देते, कुणाला नाही. आम्हांला वाटते, त्यांच्यावाचून इतरांचे अडते हे पटावर सर्वांना दिसते. महाविद्यालयातही त्यांच्यावाचून अडतेच. पण अडू न देणे हेच तिथे त्यांचे काम झाले आहे.

व्याकरणाच्या तासाला आम्ही सांगतो, की 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हणताना सामावला जातो. पटाभोवती 'आपण' सहज ओठांवर येते. सोमवारी वेळापत्रक लागते तेव्हा सरांना ऐकू येते ते 'आम्ही ठरवले आहे'. एका खेळाने हे बदलेल अशी भाबडी आशा आम्ही बाळगत नाही. मात्र या लेखातले 'आम्ही' तिघांचे की चौघांचे, हे लिहिताना वाक्यागणिक तपासावे लागले.