निवांतपणाचं देणं

माझ्या आयुष्यातला सगळ्यात निवांत शनिवार-रविवार मी बेल्जियममधल्या ब्रुज शहरात काढला. विमानाचं तिकीट लेकीने काढलं होतं, हॉटेल जावयाने ठरवलं होतं, आणि निवांतपणा दिला होता तो धायरीत रायकर मळ्याच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मावशींनी. तिकिटाचे आणि हॉटेलचे पैसे किती झाले ते मला ठाऊक आहे. मावशींच्या देण्याचा हिशेब लागत नाही, म्हणून निदान लिहून ठेवते आहे. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. “माझं नाव कशाला छापायचं?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा शब्द मी मोडणार नाही.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. यजमान आधीच गेलेले, मला भाऊ नाही, लेक लग्न होऊन परदेशी. आईची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही अवघड झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर ब्युरोतून बायका येऊ लागल्या आणि जाऊही लागल्या. कुणाला डायपरचं काम नको असे, कुणाला सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून रोज धायरीपर्यंत येणं झेपत नसे. त्यांना तरी काय बोलणार! मग औषधांच्या दुकानात कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं. मूळच्या वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या. मुलगा टेम्पो चालवतो, त्याच्या संसाराला हातभार म्हणून या आजारी माणसांची कामं करतात. पहिल्या दिवशी आल्या, चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि मला काही विचारायच्या आधी आईच्या खाटेशी जाऊन म्हणाल्या, “आई, मी आलेय. आजपासनं मी बघणार तुमच्याकडं.”

मावशींनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती, आईच्या पाठीला जखम होऊ द्यायची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. आधी गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, आणि तोंडाने सांगायचं, “आई, आता भिंतीकडं वळायचं बरं का.” न सांगता त्यांनी आईला कधी वळवलं नाही. आईला कळत असेल की नाही, याची चर्चा आम्ही शिकलेली माणसं करायचो. मावशी सांगून मोकळ्या व्हायच्या. नाचणीची पेज भरवताना आईला उशीच्या आधाराने ताठ बसवायच्या, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच भरलेला, आणि डाव्या हाताची दोन बोटं आईच्या गळ्याला हलकी टेकवलेली. घोट खाली उतरल्याचं बोटांना कळलं की मगच पुढचा चमचा. वाटीभर पेजेला पाऊण तास लागे. त्या पाऊण तासात दारात पाण्याचा टँकर येऊन हॉर्न मारत राहिला तरी त्या उठत नसत. शाळा चौथीपर्यंतची, पण कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक रेघा मारलेल्या असायच्या, वरच्या बाजूला औषधांच्या, खालच्या बाजूला लघवीच्या. तपासायला येणारे डॉक्टर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, मग आईची नाडी.

दिवस मावशींचा आणि रात्र माझी, अशी वाटणी होती. रात्री दोनला आणि चारला गजराशिवाय जाग येण्याची सवय मला लागून गेली होती.

लेक बेल्जियममध्ये लुव्हेनला असते. जावई तिथल्या आयमेक या चिपसंशोधनाच्या संस्थेत आहे. तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मला जाता आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिने काही मागितलं नाही, आणि म्हणूनच माझा जीव जास्त खालीवर होऊ लागला. मावशींनीच विषय काढला. मी रात्री इथंच झोपते म्हणाल्या. त्यांच्यावर चोवीस तासांचा भार टाकायचा, हे मला जड जात होतं. तसं बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, माझी आई गेली तवा मी कोथरूडला एका आजींपाशी होते. गावाकडं तिचं सगळं भावजयीनं केलं. शेवटचं पाणीबी तिनंच पाजलं. तिचं मी कवा फेडणार सांगा. तुम्ही जावा. आईंना मी हाय.”

लुव्हेनला पोचले, नातवंडांना मांडीवर घेतलं, पण मन धायरीतच होतं. तासातासाला फोन. शेवटी लेक म्हणाली, आई, आपण दोघी ब्रुजला जाऊन येऊ. बाळ वरच्या दुधावर राहील, तुझा जावई बघेल. शनिवारी सकाळी आगगाडीत बसल्यावर मी पुन्हा फोन लावला. धायरीत तेव्हा दुपार. मावशींनी आईचा शांत झोपलेला चेहरा दाखवला आणि म्हणाल्या, “जेवल्या, झोपल्या. आता उद्यापतुर फोन करू नका. मलाबी जरा लवंडू द्या.” रागाने नव्हे, त्यांनी मला सोडवलं. मी फोन पर्समध्ये खाली टाकला आणि बाहेर सपाट हिरव्या शेतांतून चरणाऱ्या गाई बघत बसले.

ब्रुजला स्टेशनातून पायी निघालं की थोड्याच वेळात मिन्नेवॉटरचं तळं लागतं. तळ्यात हंस. त्यांची एक दंतकथा आहे. 1488 साली शहराने बंड करून हॅब्सबर्गच्या मॅक्सिमिलियनला कोंडून ठेवलं आणि त्याच्या पीटर लांखाल्स या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. लांखाल्सच्या कुळाचं चिन्ह हंस. मॅक्सिमिलियनने सुटल्यावर शहराला शिक्षा दिली, की तुमच्या पाण्यात कायमचे हंस पाळा. कथा खरी असो नसो, हंस आहेत, आणि पाचशे वर्षांपूर्वीचं देणं अजून फिटतं आहे असं मानणारं गाव मला पहिल्या पावलालाच आवडलं.

तळ्याच्या कडेला एक पूल ओलांडून बेगीन बायकांच्या वसाहतीत शिरायचं. 1245 मध्ये फ्लँडर्सची राणीच म्हणावी अशी काउंटेस मार्गारेट, हिने ती वसवली. मधे गवताचं अंगण, त्यात उंच झाडं, भोवती पांढरी घरं, आणि शांत राहा अशी पाटी. या बेगीन म्हणजे संन्यासिनी नव्हेत. आजन्म व्रत घेत नसत, वाटलं तर बाहेर पडून लग्न करू शकत, स्वतःच्या कष्टाचं खात. लोकर कातायची, कपडे धुवायचे, लेस विणायची, मुलींना शिकवायचं, आणि आजाऱ्यांची सेवा करायची. नवरा नाही आणि मठही नको, अशा बाईला मानाने राहायला जागा हवी, एवढी साधी गोष्ट त्यांनी तेराव्या शतकात जमवली. 1299 मध्ये फ्रान्सच्या राजाने ही वसाहत थेट आपल्या संरक्षणाखाली घेतली. आता तिथे 1927 पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात. जगातली शेवटची बेगीन 2013 साली जवळच्याच कोर्ट्राइक गावी वारली. झाडाखाली बसल्यावर मला आपल्या पुण्याच्या सेवासदनाची आठवण झाली. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी ते सुरू केलं आणि विधवांना, परित्यक्तांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धीर दिला. परक्या माणसाच्या आजारी देहाला हात लावायचा, ही त्या काळच्या घरांतून आलेल्या बायकांसाठी केवढी मोठी उडी! रमाबाईंचं नाव तरी राहिलं. त्या पहिल्या परिचारिकांपैकी किती जणींची नावं आपण घेतो?

तिथून चालत सेंट जॉनचं जुनं रुग्णालय. बाराव्या शतकातलं, आता संग्रहालय. भिंती जाड, छताला काळपट लाकडाच्या प्रचंड तुळया. वाटसरू, गरीब, आजारी, सगळ्यांना तिथे थारा होता. हान्स मेमलिंगची मोठी चित्रं याच वास्तूत आहेत, आणि ती याच वास्तूसाठी काढलेली आहेत. त्यातल्या 1479 च्या वेदीचित्राला दोन्ही बाजूंना झडपा आहेत. आत मेरी, संत, सोन्याचे काठ. पण झडपांच्या बाहेरच्या बाजूला चार माणसं हात जोडून गुडघ्यावर बसली आहेत, दोन पुरुष आणि दोन बायका, आणि ही चौघं त्याच रुग्णालयात सेवा करणारी. त्यांची नावंसुद्धा माहीत आहेत. बायकांची नावं आग्नेस कासेम्ब्रोड आणि क्लारा व्हान हुल्सेन. मी ती नावं लेकीकडून दोनदा म्हणून घेतली. आजाऱ्यांचं करणाऱ्या बायका, आणि त्यांचे चेहरे पाचशे वर्षं जपलेले. मी हे असं कुठे पाहिलं नव्हतं.

मेमलिंगबद्दल अठराव्या शतकात एक गोष्ट पसरली. तो म्हणे लढाईत जखमी झालेला शिपाई होता. रखडत रखडत या रुग्णालयाच्या दारी आला, इथल्या बायकांनी त्याला बरं केलं, आणि पैसे नव्हते म्हणून त्याने चित्रं काढून दिली. हे खरं नाही. मेमलिंग 1465 मध्ये ब्रुजचा रीतसर नागरिक झाला होता, चांगला खाऊनपिऊन सुखी होता, बऱ्यापैकी कर भरणारा होता. चित्रं त्याने मोबदला घेऊन केली. तरी ही गोष्ट इतकी वर्षं लोकांनी सांगितली. मला त्यामागचं मन कळतं. एवढी सुंदर चित्रं इथे आहेत ती कुणाच्या तरी सेवेची फेड असावीत, असं लोकांना वाटलं. सेवेची फेड अशी दिसण्याजोगी कुठेतरी व्हावी, ही इच्छा काही खोटी नाही.

शेजारीच यान बेअरब्लॉकचं 1778 मधलं एक चित्र आहे, तो रुग्णकक्ष चालू असतानाचं. लाकडी चौकटींत बसवलेल्या खाटांच्या रांगा आणि त्यांच्यामधून वावरणाऱ्या सेविका. त्या चित्रासमोर मी फार वेळ उभी राहिले. लेक पुढे जाऊन परत आली, तरी मी तिथेच. निघताना त्याची छापील प्रत घेतली.

बाकी ब्रुज आम्ही अगदी सावकाश पाहिलं. चौकातला घंटेचा मनोरा 83 मीटर उंच, 366 पायऱ्या. लेक चढून आली, मी खाली कागदाच्या द्रोणातले बटाट्याचे गरम तळलेले काप खात बसले. मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ येशू बघितले. त्या मूर्तीला आधी फ्रेंचांनी आणि मग नाझींनी पळवून नेलं होतं, दोन्ही वेळा ती घरी आली. संध्याकाळी कालव्यातून होडीत बसलो. एके काळी समुद्राची भरती ज्या खाडीतून शहरापाशी येई ती झ्विनची खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला, आणि मागे राहिलेल्या शहराला जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसाच उरला नाही. म्हणून आज आपल्याला हे सगळं दिसतं. मे महिना होता, नऊ वाजून गेले तरी उजेड. रात्री झोपले ती सकाळी लेकीने हाक मारली तेव्हाच उठले. दोनला जाग आली नाही, चारला नाही. त्या वेळी धायरीत मावशी आईला सांगत असणार, आता खिडकीकडं वळायचं.

आई त्यानंतरच्या पावसाळ्यात गेली. मावशी उशाशी होत्या, मीही होते. शेवटची अंघोळ घालताना बायकांनी आईची पाठ पाहिली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईची पाठ, आणि तिच्यावर एक डाग नव्हता.

मावशी आता नऱ्ह्याला एका आजींकडे जातात. सुट्टीच्या दिवशी कधी आमच्याकडे येतात. त्यांच्या सुट्टीबद्दल मी फार जागरूक असते. 1980 मध्ये याच पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी पगारासाठी आणि आजारपणाच्या रजेसाठी संप केला होता, तेव्हाच्या घराघरांतल्या चिडक्या गप्पा मी ऐकलेल्या आहेत. 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आजारी माणसाशी रात्र जागवणाऱ्या बाईच्या म्हातारपणाचं उत्तर त्यातून मिळालेलं मला दिसत नाही.

मागच्या खेपेला मी त्यांना बेअरब्लॉकच्या चित्राची प्रत दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती उजेडात धरली. सेविकांचे कपडे, डोक्यावरचं वस्त्र, यांत त्यांना रस नव्हता. “ह्या खाटांना बाजूनं लाकूड हाय,” त्या म्हणाल्या. “एकाच अंगानं हात जातोय. मग कूस कशी बदलत असतील?” एवढ्या वेळात मला तो प्रश्न सुचला नव्हता. मग विचारलं, “आन् ह्या बायका थकल्यावर त्यांना कोण बघायचं?” मी सांगितलं, बेगीन बायकांच्या वसाहतींत आपल्यातल्या आजारी, म्हाताऱ्या बायकांसाठी वेगळी जागा असे, मागच्या बायका पुढच्यांचं करत. “मग बरं होतं त्यांचं,” मावशी म्हणाल्या आणि प्रत माझ्या हातात दिली.

आईची खोली रिकामी आहे, गुडघे थकले की इथे या, असं मी त्यांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत. त्यांना गावी जायचं आहे. भावजयीला दिसेनासं झालंय. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे आणि ते दिवस मावशींना तिच्यापाशी राहायचं आहे. नऱ्ह्याच्या आजींच्या घरी आम्ही दोघी जाऊन बोलून आलो. तेवढे दिवस मावशींच्या जागी तिथे मी बसणार आहे. आजींना पेज चालत नाही, त्यांना रव्याची खीर लागते, आणि भरवताना डावीकडून भरवायचं, एवढं मावशींनी मला आत्ताच दाखवून ठेवलं आहे.