कंत्राट दिले, जबाबदारी कोणाची?

घरातला एक माणूस डायलिसिसवर असला की साऱ्या घराचे वेळापत्रक त्या मशीनच्या हातात जाते. आमच्या अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते, दर वेळी चार तास. आम्ही तिघे भावंडे पाळी लावून त्यांना साठ किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात नेतो. भाचीचा निकाह असो की ईदची खरेदी, सोमवार आणि गुरुवार सोडूनच सगळे ठरते.

सरकारी दवाखान्यात खासगी कंपन्यांना काम द्यावे की नाही, यावर आपल्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत. कोणी म्हणते, खासगी आले की शिस्त येते, स्पर्धेने काम सुधारते. कोणी म्हणते, खासगी आले म्हणजे गरिबाचा दवाखाना विकला. आम्ही चार वर्षे त्या दोन्हींच्या मध्ये बसलो आहोत, म्हणून हे लिहितो.

आधी चांगले सांगतो. सुरुवातीचे काही महिने अब्बांचे डायलिसिस शहरातल्या खासगी केंद्रात झाले. जाण्या-येण्याचा खर्च धरून महिन्याला भावाचा अख्खा पगार जायचा, अम्मीच्या बांगड्याही गेल्या. मग जिल्हा रुग्णालयात मोफत सोय मिळाली. २०१६-१७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्याचा आराखडाच भागीदारीचा आहे: जागा, वीज आणि पाणी सरकारचे, मशीन, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, सामान आणि तंत्रज्ञ कंपनीचे, आणि कंपनीला पैसे दर डायलिसिसमागे. सरकारने हे सारे स्वतः उभे करायचे ठरवले असते, तर आमच्या जिल्ह्याचा नंबर कधी लागला असता कोण जाणे. अब्बा आज आमच्यात आहेत, त्यात या व्यवस्थेचा वाटा आहे. हे नाकारणे नाशुक्री होईल.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी रमजानच्या आधी तिथल्या दोन मशीन बंद पडल्या. त्याच सुमारास पगार थकले म्हणून एक तंत्रज्ञ काम सोडून गेला. रुग्णालयात विचारले तर उत्तर मिळाले, "ते कंपनीचे काम आहे." कंपनीच्या माणसाला विचारले तर, "वर कळवले आहे." त्या आठवड्यात अब्बांचे एकच डायलिसिस झाले. शनिवारी रात्री त्यांचे पाय सुजले, आडवे झाले की श्वास कोंडू लागला. आम्ही १०८ला फोन केला. गाडी आली, सोबत डॉक्टर होते, ऑक्सिजन लावून त्यांना मोठ्या रुग्णालयात पोहोचवले.

गंमत अशी की १०८ची सेवासुद्धा कंत्राटावरच आहे. महाराष्ट्रात ती २०१४ साली सुरू झाली आणि रुग्णाला मोफत मिळते. म्हणजे एका कंत्राटाने अब्बांना त्या अवस्थेला आणले आणि दुसऱ्या कंत्राटाने त्यातून सोडवले. मग प्रश्न नुसता खासगी की सरकारी, एवढाच उरत नाही. १०८चा नंबर एक आहे, कॉल कधी आला आणि गाडी कधी पोहोचली याची नोंद होते. डायलिसिसच्या खोलीत मशीन बंद पडली तर किती दिवसांत दुरुस्त व्हावी आणि तोवर रुग्णाने कुठे जावे, हे आम्हाला सांगणारा एकही माणूस नव्हता.

कंत्राटात जे मोजले जाते त्याचे पैसे मिळतात, म्हणून तेवढे नीट होते. डायलिसिस किती झाले हे मोजता येते. अब्बांनी दिवसाला पाणी किती प्यावे, मीठ किती खावे हे अम्मीला शांतपणे समजावून सांगणे कोण मोजणार? ते आम्हाला एका जुन्या सरकारी सिस्टरने सांगितले. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही.

स्पर्धेचेही तसेच. वाण्याने महाग दिले तर आपण पुढच्या दुकानात जातो. आजारी माणूस कुठे जाणार? राज्याची आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालये आहेत. कागदावर निवड आपली. पण मोठी खासगी रुग्णालये जिथे वस्ती आणि पैसा, तिथेच उभी राहतात. आमच्या तालुक्यात स्पर्धा करायला दुसरे कोणी नाहीच.

हा अनुभव फक्त आपला नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा जगात नावाजलेली आहे. तिथेही खासगी कंपन्यांना काम वाटले गेले. इंग्लंडमधल्या २०१३ ते २०२० या काळाचा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे खासगी कंपन्यांवरचा खर्च वाढला, तिथे पुढच्या वर्षी उपचाराने टळू शकणारे मृत्यू थोडे वाढलेले दिसले. एकामुळेच दुसरे झाले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण खासगी आले की आपोआप सुधारणा होते, हा भरवसा त्यातून डळमळतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही. लोकांचे आरोग्य ही सरकारकडे ठेवलेली अमानत आहे. ती सांभाळायला कोणाची मदत घेतली तरी हिशेब सरकारनेच द्यायचा.

आणि तो मागायचा आपण. त्या रमजाननंतर आम्ही इतर रुग्णांच्या घरच्यांना गाठले. त्यांत सर्व समाजांचे लोक होते. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज रुग्ण कल्याण समितीला दिला, आणि माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्याखाली कंत्राटाची प्रत मागितली. प्रत मिळायला दोन महिने गेले. दुरुस्तीची मुदत आणि ती न पाळल्यास दंड, दोन्ही त्यात लिहिलेले होते. दंड एकदाही लावला गेला नव्हता. आता त्या खोलीबाहेर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर लावलेला आहे. एक मशीन दुरुस्त झाली, दुसरी अजून नाही. तिच्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे.

जमातीच्या फंडातून, जकातीतून आपण रुग्णांना मदत करतो, ती करत राहावी. पण बाहेरच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन कोणी आला, तर पैसे देताना एवढे जरूर विचारावे की ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत का झाली नाही. उत्तर लिहून ठेवावे. अशा दहा चिठ्ठ्या जमल्या की त्या घेऊन समितीकडे जाता येते.