एमिली डिकिन्सनचे कागद आणि त्यांचा क्रम

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिच्या हयातीत तिच्या जेमतेम दहा-अकरा कविता छापल्या गेल्या आणि त्याही निनावी. तिच्या मृत्यूनंतर मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट येथील घरात धाकटी बहीण लव्हिनिया हिला जे कागद सापडले, त्यांतून पुढे सुमारे अठराशे कविता उजेडात आल्या. कवयित्रीने स्वतः तपासून छापायला दिलेला पाठच हाती नसल्यामुळे तिच्या काव्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नासाठी अभ्यासकाला हस्तलिखितांकडे जावे लागते.

यांपैकी आठशेहून अधिक कविता तिने साधारण १८५८ ते १८६४ या काळात पत्रलेखनाच्या दुमडलेल्या कागदांवर शाईने उतरवल्या, ते कागद एकावर एक रचून कडेला भोके पाडली आणि दोरा ओवून चाळीस वह्या बांधल्या. या वह्यांना अभ्यासक ‘फॅसिकल’ म्हणतात. कागद एकात एक न घालता एकावर एक ठेवलेले आणि पृष्ठांक मुळीच नाहीत, त्यामुळे दोरा निघाला की प्रत्येक कागद सुटा होतो आणि कोणता कोणाच्या आधी होता हे सहजी कळत नाही. संपादनाच्या काळात नेमके हेच घडले. मेबल लूमिस टॉड आणि थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी १८९० मध्ये पहिला संग्रह काढला. त्यांच्या श्रमांचे ऋण मोठे आहे, पण त्यांनी कवितांना शीर्षके दिली, यमके आणि विरामचिन्हे सरळ केली, आणि कवयित्रीने अधिकचिन्हासारखी खूण करून पानाच्या तळाशी लिहून ठेवलेल्या पर्यायी शब्दांतून एकेकच निवडला. ज्या निवडी तिने मुद्दाम खुल्या ठेवल्या होत्या, त्या अशा रीतीने बंद झाल्या, आणि ही हानी यमके बदलण्यापेक्षा गंभीर मानावी लागते.

कागदांची फाटाफूट मात्र घरगुती कलहातून झाली. एमिलीचा भाऊ ऑस्टिन आणि विवाहित टॉड यांचे प्रेमसंबंध होते. ऑस्टिनच्या मृत्यूनंतर जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनियाने टॉडवर दावा लावला, १८९८ मध्ये निकाल लव्हिनियाच्या बाजूने गेला आणि टॉडने स्वतःकडील हस्तलिखिते पेटीत कुलूपबंद केली. ती पेटी १९२९ मध्ये उघडली गेली. डिकिन्सन घराण्याकडे राहिलेला वाटा १९५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाकडे आला, तर टॉडकडचा वाटा तिची मुलगी मिलिसेंट टॉड बिंगहॅम हिने १९५६ मध्ये अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाला दिला.

अभिलेखशास्त्रात ‘मूळ क्रम’ हे एक पायाभूत तत्त्व आहे: कागद ज्याने ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम हाही पुरावाच असतो. आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांनी सुईची भोके, एका कागदावरून दुसऱ्यावर उमटलेले डाग, कागदाची जात आणि हस्ताक्षरातील बदल ताडून वह्यांचा क्रम पुन्हा जुळवला आणि १९८१ मध्ये त्यांची प्रतिरूप आवृत्ती, म्हणजे मूळ पानांच्या छायाचित्रांची आवृत्ती, दोन खंडांत सिद्ध केली. एकाही नव्या कवितेची भर न घालता डिकिन्सनच्या वाचनात इतका पालट घडवणारे दुसरे काम दाखवणे कठीण आहे. उत्तरायुष्यात फाडलेल्या लिफाफ्यांवर आणि चिठोऱ्यांवर लिहिलेला मजकूर या बांधणीबाहेरच राहतो. त्यांपैकी काही मसुदे आहेत की पूर्ण रचना, हा वाद अजून चालू आहे. २०१३ पासून दोन्ही संस्थांमधील कवितांची हस्तलिखिते संगणकाच्या पडद्यावर शेजारी-शेजारी पाहता येतात, आणि २०१६ मध्ये क्रिस्टॅन मिलर यांच्या आवृत्तीने वह्यांचा क्रम आणि पर्यायी शब्द, दोन्ही राखून त्या कविता सामान्य वाचकाच्या हाती दिल्या.