पर्वतीच्या १०३ पायऱ्या

पुण्याला लग्नकार्यासाठी आलेली पाहुणी सारसबाग आणि पर्वती पाहिल्याशिवाय सहसा परत जात नाही. तुम्हीही कधीतरी चढून गेला असाल, पोरांना सांभाळत, एका हातात पाण्याची बाटली घेऊन. आज मात्र मी तुम्हाला तिथे नेणार आहे ती निराळ्या कामासाठी. कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या आणि ‘आता बरी आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो, बरी आहे’ असे सांगून सांगून कंटाळलेल्या मैत्रिणीसाठी ही पर्वती आहे. ती मैत्रीण तुम्ही स्वतः असाल, नाहीतर तुमची जाऊ, नणंद किंवा शेजारीण असेल.

शस्त्रक्रिया होते, केमो होते, शेक घेऊन होतो. डॉक्टर म्हणतात, ‘आता सहा महिन्यांनी या.’ घरी आल्यावर सगळे जपतात. बादली उचलू नको, पोळ्या लाटू नको, पडून राहा. त्यात माया असते, नाही असे नाही. पण पडून राहून हा थकवा जात नाही, ही गोष्ट घरातल्यांना कळत नाही आणि आपल्यालाही उशिरा कळते. कामाने येणारा थकवा झोपेने उतरतो. हा तसा नसतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, आणि जितके जास्त पडावे तितके पायातले बळ आणखी कमी होते. शिवाय मनात एक भीती घर करते, की आपले शरीर आता आपले राहिलेच नाही, ते कधी दगा देईल सांगता येत नाही.

पर्वतीच्या पायऱ्या इथे कामाला येतात, कारण त्या मोजता येतात. एकंदर १०३. जिन्यासारख्या उभ्या आणि अरुंद नव्हेत, तर रुंद आणि ऐसपैस, हत्ती वर जाऊ शकेल अशा बेताने बांधलेल्या, असे पुणेकर सांगतात. एका पायरीवर दोन-तीन पावले टाकावी मग पुढची पायरी. त्यामुळे दम लागायच्या आत श्वास घ्यायला सवड मिळते.

या टेकडीची कथाही आपल्याला शोभणारीच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाचे दुखणे काही केल्या हटत नव्हते. टेकडीवरच्या देवीला नवस केला, पाय बरा झाला, आणि मग नानासाहेबांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, असे सांगतात. नवसाचे ज्याचे त्याने ठरवावे. पण एका बाईचा पाय चालता झाला म्हणून उभे राहिलेले देऊळ म्हटले, की मला त्या पायऱ्या जरा जास्तच आपल्या वाटतात.

चढायच्या आधी डॉक्टरांना विचारायचेच. केमोची काही औषधे हृदयावर परिणाम करतात. रक्त कमी असेल, आजार हाडांपर्यंत गेला असेल, तर चढण तुमच्यासाठी आहे की नाही हे त्यांनीच सांगावे. त्यांचा होकार मिळाला तरी एकदम पर्वती गाठू नका. पंधरा-वीस दिवस घराजवळच्या सपाट रस्त्यावर चाला, मग इमारतीचा एक मजला, आणि मग इकडे या.

माझ्या डाव्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती आणि काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. पहिल्या दिवशी मी २२ पायऱ्या चढले. ह्यांना मुद्दाम खाली थांबवले होते, नाहीतर दर पायरीला ‘बसतेस का?’ सुरू झाले असते. बाविसाव्या पायरीवर कडेला टेकले. वरून पळत उतरणारी तरुण पोरे, काठी टेकत चढणारे आजोबा, कमरेला पदर खोचलेल्या दोन बायका, कुणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाची ‘पेशंट’ नव्हते. मला बरे वाटले ते त्याचेच.

चढताना एक सोपी खूण लक्षात ठेवा. बरोबरीच्या बाईशी बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागले की वेग कमी करायचा. छातीत दुखले, गरगरले, धडधड थांबेना तर तिथेच बसायचे आणि त्या दिवशी पुढे जायचे नाही. ताप असेल त्या दिवशी तर घरातून निघायचेच नाही.

आता हातांचे बघू. छातीची शस्त्रक्रिया झालेली बाई ओळखू येते ती चालण्यावरून. त्या बाजूचा खांदा पुढे, हात अंगाशी घट्ट, पदर ओढलेला. कुणी बघेल ही लाज, आणि टाके ओढतील ही भीती. ब्लाऊजच्या आतून सुती पॅड शिवून घेतला, की लाजेचा बराचसा भाग मिटतो. भीती मात्र हात हलवल्यानेच जाते. घरी भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर वर चालवायची, दोरीवर कपडे वाळत घालायचे, स्वतःची वेणी स्वतः घालायची. आणि पर्वतीवर दोन्ही हात सोडून, झुलवत चढायचे. पदर वाऱ्याने उडाला तर उडू द्या.

काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येण्याचा धोका राहतो, हे खरे. म्हणून पूर्वी सांगत, की त्या हाताने जन्मभर काही उचलायचे नाही. पण २००९ साली अमेरिकेत १४१ बायकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच हाताला सूज असलेल्या या बायकांपैकी काहींना शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी कमी वजनापासून सुरुवात करून, हळूहळू वजने उचलायला लावली. सूज वाढली तर नाहीच, उलट ती मध्येच बळावण्याचे प्रकार कमी झाले. याचा अर्थ उद्या पाण्याची कळशी उचलायची असा नव्हे, बरं का! फिजिओथेरपिस्टकडून शिकून, थोडे थोडे. आणि आपल्याकडे मोजपट्टी हातातच असते. बांगडी घट्ट व्हायला लागली किंवा ब्लाऊजची बाही रुतायला लागली, की डॉक्टरांना दाखवायचे.

२०१९ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून कॅन्सरनंतरच्या व्यायामाबद्दल सल्ला दिला, तोही फार मोठा नाही. आठवड्यातून ३ दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम. एवढ्यानेही थकवा, काळजी आणि उदासपणा कमी होतो असे त्यांना आढळले. दिवसाचा अर्धा तास! आपण डाळ-तांदूळ निवडायला याहून जास्त वेळ घालवतो.

मला वरपर्यंत पोचायला सात आठवडे लागले. मधल्या एका आठवड्यात ४० वरून पुन्हा २५ वर आले होते. असे होते, त्याचे काही वाईट वाटून घेऊ नका. वर गेल्यावर आधी देवदर्शन, मग कठड्यापाशी उभे राहा. खाली सारसबागेतली हिरवळ दिसते, तळ्यातल्या गणपतीचा कळस दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येला सिंहगड. १८१७ साली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली म्हणतात. त्याला काय दिसले असेल ते असो, मला माझ्या घराची दिशा शोधायला फार आवडते. त्या घरातल्या खाटेवर मी किती महिने काढले, आणि आता ते घर मी वरून पाहते आहे!

उतरताना जास्त जपायचे. केमोनंतर काहींच्या तळपायांना मुंग्या येतात, पायरी नीट लागत नाही. तेव्हा नजर पायाकडे, कुणाचा तरी हात धरून. हाडे ठिसूळ झालेल्या बाईने पडणे फार महागात जाते. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, त्या दिवसांत घरातला जिनाच बरा. चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाला. साडीवर बूट कसे दिसतील याचा विचार पर्वतीवर कुणी करत नाही.

स्वारगेटला उतरलात तर रिक्षाने पायथा जवळच आहे. सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत. पुणे लांब पडत असेल तर कोल्हापूरच्या मैत्रिणींना रंकाळ्याच्या काठचा सपाट रस्ता आहे, साताऱ्याच्या मैत्रिणींना अजिंक्यताऱ्याची वाट, तीही पहिल्या वळणापर्यंतच. घरी आल्यावर कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, किती पायऱ्या झाल्या तो आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे वाटते ते बघून पुढच्या खेपेला तेवढ्याच ठेवायच्या की वाढवायच्या ते ठरवा. वाढवायच्या तर पाचच.